दहा हजारांच्या आतला कॅमेरा

परवा रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, तुझा तो जुना छोटा कॅमेरा अजून आहे का रे?"

मला आधी कळेचना. हिच्या हातात पन्नास मेगापिक्सेलचा फोन, आणि हिला माझा २००६ सालचा डबा कशाला हवा? मग उलगडा झाला. सध्या कॉलेजातल्या पोरापोरींना जुने डिजिटल कॅमेरे हवे आहेत. फोनचे फोटो म्हणे "फार गुळगुळीत" येतात, आणि आपल्या काळातल्या त्या फ्लॅशवाल्या, जरा भडक फोटोंत "मजा" आहे. मी कपाटाच्या वरच्या खणातून, एका जुन्या पायमोज्यात गुंडाळून ठेवलेला कॅमेरा काढला. बॅटरी फुगून भाकरीसारखी झालेली, चार्जरचा पत्ता नाही. तिला तसं सांगितलं.

"मग दुसरा कुठला घेऊ? बजेट कमी आहे."

झालं! नेमका हाच प्रश्न मी २००६ च्या दिवाळीत घेऊन बसलो होतो, एक एक्सेल शीट उघडून. त्या शीटने मला जे उत्तर दिलं ते चुकीचं होतं, आणि ते का चुकलं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तेव्हा भाचीला म्हटलं, जरा थांब, शनिवार-रविवार दे. कमी पैशात कॅमेरा घेणं हा प्रश्न काही आपल्या पिढीने शोधलेला नाही. त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात तीच ती गंमत पुन्हा पुन्हा होत आली आहे.

सुरुवात करू जॉर्ज ईस्टमनपासून. १८८८ मध्ये त्याने पहिला कोडक कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच रक्कम. आत शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला. शंभर फोटो झाले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला कारखान्यात पाठवायचा. तिथे रोल धुऊन, फोटो छापून, नवा रोल भरून कॅमेरा परत येणार, आणि या फेऱ्याचे १० डॉलर. हिशोब करून बघा. तीन फेऱ्यांत कॅमेऱ्यापेक्षा जास्त पैसे कंपनीकडे. आज आपण प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग म्हणून कुरकुरतो, त्याचे हे पणजोबा.

पण ईस्टमनचा खरा धडाका पुढे आहे. १९०० च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीचा 'ब्राउनी' आला. किंमत? एक डॉलर फक्त. फ्रँक ब्राउनेल नावाच्या माणसाने त्याची रचना केली होती. कॅमेरा म्हणजे अक्षरशः पुठ्ठ्याचा खोका. पुढे एकाच काचेचं साधं भिंग, साधा शटर, आणि नेम धरायला वरच्या बाजूला नुसत्या तिरप्या रेषा. सहा फोटोंचा रोल १५ सेंटला. पहिल्याच वर्षी एक लाखाच्या वर ब्राउनी खपले. जाहिरात लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती, पण घेतला सगळ्यांनी. तोपर्यंत फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन, मान ताठ करून, श्वास रोखून काढून घ्यायची गोष्ट. ब्राउनीने ती अंगणात आणली.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. एका डॉलरात कॅमेरा विकायचा तर काहीतरी कापायला हवं. काय कापलं? पुठ्ठा वापरला ही वरवरची गोष्ट झाली. खरी कात्री लागली ती प्रकाशाला. साध्या, एकाच काचेच्या भिंगातून कडेपर्यंत बरं चित्र हवं असेल तर त्याचं छिद्र बारीक ठेवावं लागतं. छिद्र बारीक म्हणजे आत येणारा प्रकाश कमी. म्हणून ब्राउनी चालायचा तो भर उन्हात. घरात, संध्याकाळी, ढगाळ हवेत तो जवळजवळ निकामी.

हे वाक्य मनात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. स्वस्त कॅमेऱ्यात सगळ्यात आधी कापला जातो तो प्रकाश.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं परदेशी कॅमेरा आणणं म्हणजे परवाने आणि कस्टमचं झेंगट. मध्यमवर्गाच्या घरात जो कॅमेरा शिरला तो बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री. काळा, चौकोनी, हातात घेतला की खेळण्यासारखा हलका. १२० नंबरचा रोल, त्यात चौकोनी बारा फोटो. भिंगापाशी ऊन आणि ढग अशा खुणा, की झाली सेटिंग! वर्गातल्या श्रीमंत मुलाच्या वडिलांकडे किंवा हौशी काकांकडे तो असायचाच. फिल्मसुद्धा आपली आपण बनवावी म्हणून सरकारने १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स काढली. तिथली 'इंदू' नावाची कृष्णधवल फिल्म जुन्या लोकांना नक्की आठवेल.

आमच्या घरातले हौशी म्हणजे माझे काका. १९७१ साली त्यांनी सांगलीच्या वाड्याच्या अंगणात आजीचा एक फोटो काढला. आजी तेव्हा पंचेचाळिशीची. नऊवारी, हातात सूप, आणि चेहऱ्यावर "काय हे तुझं मधेच" असा भाव. काका सांगायचे, ती आत ओसरीवर पाखडत बसली होती. यांनी तिला तीनदा हाक मारून उन्हात बोलावलं, सूर्य स्वतःच्या पाठीमागे येईल असं उभं केलं, आणि मग खटका दाबला. बारा फोटोंचा रोल, एक फोटो वाया घालवणं परवडणारं नाही, त्यामुळे सगळं आधी ठरवून. तो फोटो आजही आमच्याकडे आहे. सुपातल्या तांदळाचे दाणे मोजता येत नाहीत, पण सुपाची वीण दिसते आणि आजीच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही दिसतात.

इतक्या स्वस्त कॅमेऱ्यातून? हो. कारण दोन. एक म्हणजे भरपूर ऊन. आणि दुसरं म्हणजे फिल्मचा आकार. त्या रोलवरचा एक फोटो साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ३,१०० चौरस मिलिमीटर. हा आकडा पण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऐंशीच्या दशकात ३५ मिलिमीटरचे रोल रुळले आणि छोटे कॅमेरे आले. हॉट शॉटच्या जाहिराती कुणाला आठवतात? मग याशिका एमएफ-२ आला, आणि नव्वदच्या दशकात कोडकचा केबी-१०. फिल्मचा चौकोन ३६ बाय २४ झाला, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. आकार चौथ्या हिश्शाच्या आसपास आला, पण फिल्मची प्रतही सुधारली होती आणि सोबत छोटा फ्लॅश होता, त्यामुळे घरातले फोटो निघायला लागले. लाल डोळ्यांचे का असेनात :-)

बजेटचा प्रश्न मात्र ईस्टमनच्या काळासारखाच. कॅमेरा एकदाच घ्यायचा, पण रोल, धुलाई आणि प्रिंटा दर वेळी. छत्तीसचा रोल दिवाळीत घातला की गणपतीपर्यंत पुरवायचा. "दोन शिल्लक आहेत, ते मुंजीला ठेव" हे वाक्य प्रत्येक मराठी घरात म्हटलं गेलेलं आहे. रोल धुऊन येईपर्यंत काय आलं काय नाही काहीच माहीत नाही. एखादा फोटो पांढरा, एकात कुणाचं तरी बोट. त्याचेही पैसे द्यायचे.

या सगळ्यावरचा उतारा तोवर प्रयोगशाळांत तयार झाला होता. १९६९ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला. (त्याचं नोबेल त्यांना तब्बल चाळीस वर्षांनी, २००९ मध्ये मिळालं.) प्रकाश पडला की सिलिकॉनच्या छोट्या छोट्या खड्ड्यांत विद्युतभार साठतो. पावसात अंगणात वाट्या मांडून ठेवाव्यात आणि नंतर एकेक वाटी मोजावी, तसं ते काम. १९७५ मध्ये कोडकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने त्यापासून कॅमेरा जोडला. वजन ३.६ किलो. शंभर बाय शंभर ठिपके, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद, आणि बघायचा टीव्हीवर. त्याच सुमारास कोडकच्याच ब्राइस बेयरने सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची चौकट मांडण्याची युक्ती काढली. १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आजही बहुतेक रंगीत सेन्सरवर तीच आहे.

म्हणजे फिल्मवर जगणाऱ्या कंपनीच्या घरातच फिल्मचा मारेकरी जन्माला आला. ज्या कंपनीची सगळी कमाई दर फोटोमागे होती, तिला दर फोटोमागे शून्य पैसे घेणारं यंत्र विकायची घाई का असेल? आपल्या धंद्यातही असं होतंच. जुनं प्रॉडक्ट पैसे देतंय, तर नव्याला बजेट कोण देणार?

सामान्य माणसाच्या हातात डिजिटल कॅमेरा यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. १९९४ चा ॲपल क्विकटेक १०० (बनवला होता कोडकनेच) ७४९ डॉलरला होता आणि ६४० बाय ४८० चे फक्त आठ फोटो त्यात मावत. १९९५ मध्ये जपानात कॅसिओचा क्यूव्ही-१० आला, ६५ हजार येनला. फोटो फक्त ३२० बाय २४० चे, पण आत ९६ मावत, आणि मागे चक्क स्क्रीन! काढल्या काढल्या बघायचा, नाही आवडला तर पुसायचा. छत्तीसच्या रोलवर वाढलेल्या माणसाला हे काय वाटलं असेल विचार करा. त्या बोटाच्या फोटोचे पैसे द्यायचे दिवस संपले.

इथून पुढे किंमत खाली आणि ठिपके वर अशी शर्यत सुरू झाली. २००० च्या सुमारास दोन मेगापिक्सेल, २००४ ला तीन-चार-पाच, २००६ ला सहा-सात, २००८ ला दहा. आणि इथेच आपल्यासारख्या बजेटवाल्यांची फसगत झाली.

फसगत म्हणण्याचं कारण सांगतो. पोस्टकार्ड आकाराची, म्हणजे सहा बाय चार इंचांची प्रिंट, इंचाला ३०० ठिपके या चांगल्या प्रतीने काढायची तर १८०० बाय १२०० ठिपके लागतात. गुणाकार करा: साडेएकवीस लाख. म्हणजे दोन मेगापिक्सेलपेक्षा जरासे जास्त. सहाचे बारा मेगापिक्सेल केले तरी उभं आणि आडवं माप दुप्पट होत नाही, फक्त १.४ पट होतं, कारण वर्गमूळ. पण दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरांत काय छापलेलं? मेगापिक्सेल. एकच आकडा, वाढता, लक्षात ठेवायला सोपा.

जो आकडा बारीक अक्षरांत होता तो सेन्सरचा आकार, आणि तोही अशा भाषेत की कुणाला कळू नये. "१/२.५ इंच" म्हणजे तुम्हाला वाटेल की सेन्सर दहा मिलिमीटरचा. नाही! त्याचा कर्ण असतो सव्वासात मिलिमीटरच्या आसपास. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. नळी गेली, माप राहिलं, कारण त्यात सेन्सर मोठा वाटतो. प्रत्यक्षात असा सेन्सर ५.८ बाय ४.३ मिलिमीटरचा, म्हणजे २५ चौरस मिलिमीटर. हाताच्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान. आजीच्या त्या फोटोची फिल्म याच्या सव्वाशे पट मोठी होती.

आता अंगण तेवढंच ठेवून वाट्यांची संख्या वाढवायची तर एकेक वाटी लहान करावी लागणार. पाऊस जोराचा असेल तेव्हा लहान वाट्याही भरतात. रिमझिम असेल तर तळाशी चार थेंब, आणि त्यातलं पाणी किती नि ओल किती हेच कळत नाही. उन्हात सगळेच कॅमेरे छान, संध्याकाळी दिव्याखाली सगळ्यांचं पितळ उघडं पडतं. ते असं.

तर २००६. माझं बजेट दहा हजार. डिसेंबरात आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि त्याआधी कॅमेरा घ्यायचाच होता. मी एक्सेल शीट केली. मेगापिक्सेल, झूम, स्क्रीन, वजन, किंमत असे रकाने आणि प्रत्येकाला भारांक. ऑफिसात दोन मित्रांनी ती शीट मागून नेली इतकी ती देखणी होती. बोरा बझारात जाऊन बिलासकट आणि बिलाशिवाय असे दोन दोन भाव काढले. ऑनसाइट असलेल्या मित्राला अमेरिकेतले भाव विचारले. शेवटी दोन उरले. एक आदल्या वर्षीचा कॅनन ए६१०: पाच मेगापिक्सेल, जाडजूड, चार पेन्सिल सेलवर चालणारा, पण सेन्सर १/१.८ इंचाचा, म्हणजे ३८ चौरस मिलिमीटर. दुसरा नवाकोरा, चपटा, चकचकीत, सात मेगापिक्सेलचा, सेन्सर १/२.५. (कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही.) माझ्या शीटमध्ये सेन्सरचा रकानाच नव्हता. चपटा जिंकला. शर्टाच्या खिशात मावायचा हो!

कार्यक्रम संध्याकाळी, कार्यालयाच्या हॉलमध्ये. ८१ दिव्यांनी आजीला ओवाळायचं म्हणून कुणीतरी ट्यूबलाइट बंद केल्या. सगळा हॉल शांत, फक्त दिव्यांचा उजेड आजीच्या चेहऱ्यावर. फ्लॅश मारला तर तो उजेडच मरणार म्हणून मी फ्लॅश बंद केला आणि मागे खुर्चीपाशी उभा राहून झूम करून चाळीस-एक फोटो काढले. स्क्रीनवर बरे दिसले. रात्री घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले, आणि पोटात खड्डा पडला.

एकही फोटो धड नव्हता. काही हललेले. जे हलले नव्हते ते ओल्या रंगावरून हात फिरवल्यासारखे. कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर करतं काय, की कमी प्रकाशात आलेले रवाळ ठिपके ओळखून गुळगुळीत करतं. पण रवाळपणा आणि बारीक तपशील यातला फरक त्याला कळत नाही. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्याने कचरा समजून पुसल्या. ८१ वर्षांची आजी मेणाच्या बाहुलीसारखी दिसत होती. आजी २००८ मध्ये गेली. त्या संध्याकाळचे एवढेच फोटो आहेत आमच्याकडे.

बरीच वर्षं मी दोष त्या सात मेगापिक्सेलना आणि माझ्या शीटला देत होतो. ए६१० घेतला असता तर... पण या शनिवारी खरंच आकडेमोड केली. ३८ भागिले २५, म्हणजे दीडपट प्रकाश. शटर पाव सेकंदाऐवजी एक षष्ठांश सेकंद. एवढ्याने हललेला हात स्थिर होत नाही. थोडा बरा आला असता फोटो, पण वाचला नसता. खरं नुकसान मी झूममध्ये केलं होतं. त्या वर्गातल्या छोट्या कॅमेऱ्यांत भिंग पूर्ण लांबवलं की छिद्र एफ/२.८ वरून साडेपाचच्या आसपास येतं, म्हणजे प्रकाश चौथाई. चार पावलं पुढे जाऊन, झूम न करता, कॅमेरा टेबलावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला असता, तर त्याच कॅमेऱ्यातून फोटो आले असते. किंवा दुपारीच, कार्यक्रमाआधी, आजीला हॉलच्या मोठ्या खिडकीपाशी पाच मिनिटं बसवलं असतं तर. काकांनी १९७१ मध्ये तीनदा हाका मारल्या होत्या त्या याचसाठी. त्यांच्या कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग एवढंच लिहिलेलं होतं, म्हणून त्यांना प्रकाशाचा विचार करावाच लागला. माझ्या कॅमेऱ्यावर तो विचार सोडून बाकी सगळं लिहिलेलं होतं.

या शर्यतीतून बाहेर पडायचा प्रयत्न कुणी केलाच नाही असं नाही. फुजीफिल्मने २००६ मध्ये एफ३० काढला: सहाच मेगापिक्सेल, पण मोठा सेन्सर आणि कमी प्रकाशात काम करायची ताकद. जाणकारांनी डोक्यावर घेतला. पण पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, त्याच घराण्यातला एफ५०एफडी बारा मेगापिक्सेलचा झाला. खोक्यावर सहा लिहून विकायचं ते किती दिवस?

२०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यात बहुतेक आपले छोटेच. तो कळस होता. २०२३ मध्ये हाच आकडा ८० लाखांच्याही आत होता. कोनिका मिनोल्टा २००६ मध्येच बाहेर पडली होती. कोडकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिजिटल कॅमेरे बंद केले. कॅसिओने २०१८ मध्ये छोटे कॅमेरे सोडले. ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा धंदा विकला, तो २०२१ च्या सुरुवातीला दुसऱ्यांकडे गेला.

गंमत अशी की हे करणाऱ्या फोनचा सेन्सर सुरुवातीला आणखी लहान होता. मग फोन जिंकला कसा? एक तर तो कायम खिशात होता. आणि दुसरं कारण आपल्या गल्लीतलं आहे: सॉफ्टवेअर. एका लहान वाटीत पाणी कमी पडतं ना? मग एका फोटोऐवजी पाठोपाठ दहा-पंधरा काढा, एकमेकांवर नीट जुळवा आणि बेरीज करा. २०१८ मध्ये गुगलने पिक्सेल फोनमध्ये रात्रीच्या फोटोंसाठी हेच केलं. काचेत आणि सिलिकॉनमध्ये जे परवडत नव्हतं ते गणितात मिळालं. असा फोन २००६ मध्ये असता तर... असो.

आता भाचीचं उत्तर. तिला हे सगळं ऐकवल्यावर ती म्हणाली, "मामा, मुद्द्यावर ये." तर मुद्दे.

पहिला, कॅमेऱ्याची किंमत म्हणजे नुसत्या डब्याची किंमत नाही. १८८८ पासून हेच चालू आहे. बॅटरी, चार्जर, कार्ड धरून बेरीज कर. शक्यतो पेन्सिल सेलवर चालणारा घे, म्हणजे वीस वर्षांनीही सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. माझ्या चपट्या कॅमेऱ्याची खास बॅटरी फुगली आणि तो मेला, जाडजूड भाऊ अजून चालले असते. चार्ज होणारे सेल घेशील तर चार्ज धरून ठेवणारे घे. तसले सॅन्योने २००५ मध्ये आणले, त्याआधीचे पडून पडूनच रिकामे व्हायचे.

दुसरा, एसडी कार्डवाला घे. एक्सडी आणि मेमरी स्टिकवाले चांगले असतात, पण कार्डं शोधत फिरशील. आणि २००६ च्या आधीचा असेल तर त्यात दोन जीबीपर्यंतचंच कार्ड चालेल असं धर, कारण त्यापुढची एसडीएचसी पद्धत त्या वर्षी आली. आधी कार्डाची सोय, मग कॅमेरा.

तिसरा, २००२ ते २००४ मधले कॅमेरे जपून. सोनीच्या त्या काळातल्या काही सीसीडींमध्ये आतली जोडणी उष्णता आणि दमटपणाने सुटायची. २००५ मध्ये ते उघड झालं आणि बऱ्याच कंपन्यांनी आपल्या अनेक मॉडेलांची मोफत दुरुस्ती जाहीर केली. मुंबई-कोकणच्या हवेत हे विशेष बघायचं. मेनू नीट दिसतो आणि फोटो मात्र काळा किंवा जांभळ्या रेघांचा, असं असेल तर सोडून दे. विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेला फोटो मागव, जुना नाही.

चौथा, "सीसीडीची जादू" वगैरेला जास्त पैसे देऊ नकोस. तुला जे आवडतंय त्यात माझ्या मते समोरून मारलेला फ्लॅश आणि कॅमेऱ्यातलं त्या काळचं साधं सॉफ्टवेअर यांचा वाटा मोठा आहे. चालू असलेला, स्वच्छ भिंगाचा कुठलाही पाच-सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा ते देईल. दोन पर्याय उरले तर मोठ्या सेन्सरचा घे.

पाचवा, बजेटमधले पाचशे रुपये बाजूला काढून छोटा ट्रायपॉड घे. आणि फोटो दोन ठिकाणी ठेव. काकांचा फोटो अल्बममध्ये पडून राहिला तरी टिकला, कार्डावरचा तसा टिकत नाही.

तिने सगळं लिहून घेतलं. म्हणाली, "आणि पहिला फोटो कुणाचा काढू?"

यंदा आईची, म्हणजे तिच्या आजीची, पंचाहत्तरी आहे. म्हटलं, सकाळी दहाच्या सुमारास ये. पूर्वेच्या खिडकीत त्या वेळेला चांगलं ऊन येतं. आजी आधी "काय हे तुझं मधेच" म्हणेल, पण तीनदा हाक मारलीस तर येते.